सवय कशाची लागते?

डिसेक्शनच्या पहिल्या दिवशी नाश्ता करून जावं की उपाशीपोटी, यावर मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये कायम दोन पक्ष असतात. सीनियर सांगतात, काही खाऊ नका, उलटी होईल. हॉलमधले मामा सांगतात, पोटभर पोहे खाऊन या. मामांचं ऐकावं. उलटी फारशी कोणाला होत नाही. चक्कर मात्र येते, आणि ती उपाशी पोरांना आधी येते. वर्षानुवर्षं पहिल्या दिवसाची पोरं पाहून मामांची नजर तयार झालेली असते. कोण पडणार हे त्यांना दारातच कळतं. काही न बोलता ते त्या पोराच्या मागे एक स्टूल आणून ठेवतात.

या लेखासाठी मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजच्या डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे मुलांच्या भाषेत डी-हॉलमध्ये, पहिल्या वर्षाच्या बॅचबरोबर मी काही सकाळी उभी राहिले. कॉलेजचं किंवा कोणाचंही नाव द्यायचं नाही, फोटो काढायचे नाहीत आणि कशालाही हात लावायचा नाही, या अटींवर परवानगी मिळाली. तिसरी अट पाळणं सगळ्यांत सोपं गेलं.

हॉल जुना, उंच छताचा. भिंतीलगत काचेच्या कपाटांत बरण्या, कोपऱ्यात हुकाला लावलेला सांगाडा, आणि दोन रांगांत स्टीलची टेबलं. प्रत्येक टेबलावर पांढऱ्या कापडाखाली एक देह आणि भोवती वीस-बावीस मुलं. एप्रन कोरे, घड्यांच्या रेघा अजून तशाच. खिशात ब्लेडची पाकिटं, हँडल, दोन फोरसेप्स. वय अठरा-एकोणीस. मागची दोन-तीन वर्षं नीटचे प्रश्न सोडवण्यात गेलेली. त्या प्रश्नांत माणसाचं हृदय असतं, पण त्याला चार पर्याय असतात.

यातल्या अनेकांनी मृत माणूस इतक्या जवळून पाहिलेलाच नसतो. मुलींचं तर विचारूच नका. आपल्याकडे बायका सहसा स्मशानात जात नाहीत. घरातलं कोणी गेलं की मुलींना दिसतो तो शालीखालून उरलेला, ओठांवर तुळशीपत्र ठेवलेला चेहरा, तोही बायकांच्या गर्दीतून, क्षणभर. आजोबांच्या वेळी जिला आतल्या खोलीत धाकट्या भावंडांजवळ बसवून ठेवलं, ती आता एका अनोळखी माणसाच्या उघड्या छातीपासून हातभर अंतरावर उभी असते, आणि तिला ब्लेड हातात घ्यायला सांगितलेलं असतं.

2019 साली एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला. त्यात वृत्ती, नीती आणि संवाद यांसाठी वेगळा भाग ठेवला आहे, आणि मृतदेह हा आपला पहिला शिक्षक, हा त्यातला एक रीतसर पाठ आहे. त्यामुळे पहिल्या दिवशी शपथ घेण्याची पद्धत आता बऱ्याच ठिकाणी रुळली. मॅडम एकेक वाक्य वाचतात, मुलं हात पुढे करून म्हणतात. काही कॉलेजांत फुलंही वाहतात. शपथ दोन-तीन मिनिटांत उरकते आणि अर्ध्या मुलांचं लक्ष तेव्हाही कापडाकडेच असतं. तरी ती असावी. आधीच्या पिढ्यांच्या वाट्याला एवढंही आलं नाही. हजेरी झाली, कनिंगहॅमच्या मॅन्युअलचं पहिलं पान उघडलं, की कापायला सुरुवात.

ती सुरुवात बहुतेक ठिकाणी छाती आणि हातापासून होते. गळ्याखालच्या खळगीपासून छातीच्या मधल्या हाडाच्या टोकापर्यंत एक उभी रेघ, मग तिला जोडून आडव्या रेघा, आणि कातडी बाहेरच्या बाजूला उलटायची. पहिला कट घेणाऱ्याला भीती असते की ब्लेड फार खोल जाईल. होतं उलटंच. फॉर्मॅलिनमुळे कातडी चिवट झालेली असते. ब्लेड नुसतं फिरवून भागत नाही, जोर लावावा लागतो. माणसाच्या अंगावर असा जोर लावायचा, हे अनेकांना तिथे पहिल्यांदा खटकतं. रक्त येत नाही. तेही खटकतं.

ज्या टेबलाशी मी होते तिथे एक म्हातारी बाई होती. चेहऱ्यावर ओलं फडकं, हात कोपरापर्यंत गुंडाळलेले. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी दंड मोकळा करताना एका हातावरचं फडकं सरकलं आणि मनगटाच्या वर गोंदण दिसलं. हिरवट तुळशीवृंदावन आणि खाली पुसट झालेली काही अक्षरं. गोंदणाचा रंग कातडीच्या वरच्या पापुद्र्यात नसतो, त्याखालच्या थरात असतो. वरचा पापुद्रा आयुष्यभर झडत आणि नव्याने येत राहतो, खालचा थर टिकतो, म्हणून गोंदण मेल्यावरही जात नाही. हे सरांनी तिथल्या तिथे समजावलं. मुलांनी माना डोलावल्या. फोरसेप्स धरलेली मुलगी मात्र एवढंच म्हणाली, “सर, माझ्या आज्जीच्या हातावर अस्संच आहे.” सरांनी ते फडकं नीट गुंडाळलं आणि तिला म्हणाले, “जा, पाणी पिऊन ये.” ती गेली आणि दहा मिनिटांनी परत आली. पुढे त्या टेबलावर हाताच्या कातडीपर्यंत काम पोचलं, तेव्हा तिने दुसऱ्या बाजूचा हात मागून घेतला. मला यात काही वावगं वाटलं नाही, सरांनाही वाटलं नाही.

चेहरा आणि हात, मुलांना जड जातात ते हेच दोन भाग. पाठ, मांडी, पोट यांना ओळख नसते. हाताला असते. नखात अडकलेली मेंदी, अंगठीचा वळ, विडी धरून पिवळी पडलेली बोटं. म्हणून जाणते शिक्षक ज्या भागाचं काम चालू नाही तो झाकून ठेवायला सांगतात. त्यामागे कातडी सुकू नये हे कारण असतंच, पण ते एकच नसतं.

चक्कर येणं हे मनाच्या कमकुवतपणाचं लक्षण मानायची हॉस्टेलमध्ये रीत आहे. शरीराच्या बाजूने पाहिलं तर गोष्ट साधी आहे. एकाच जागी ताठ उभं राहिलं की रक्त पायांत साचतं. त्यात धसका बसला की एका मज्जामार्गाने हृदयाचा वेग मंदावतो, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. घाम फुटतो, कानांत आवाज येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. आडवं करून पाय वर धरले की माणूस लगेच शुद्धीवर येतो. हे टाळायचं तर खाऊन जावं, पाय हलवत राहावे, मांड्यांचे स्नायू आवळावे-सोडावे, आणि अंधारी यायला लागली की लाज न बाळगता खाली बसावं. मोठमोठ्या सर्जननाही पहिल्या दिवशी चक्कर आली होती असं प्रत्येक कॉलेजात सांगतात. खरं असायला काही हरकत नाही.

फॉर्मॅलिनचं प्रकरण वेगळं. त्याचा त्रास मनाचा नाही. फॉर्माल्डिहाइड वायूचं पाण्यातलं साधारण 37 ते 40 टक्क्यांचं द्रावण म्हणजे फॉर्मॅलिन. ते पातळ करून, त्यात फिनॉल, ग्लिसरीन, स्पिरिट मिसळून मांडीतल्या किंवा मानेतल्या धमनीवाटे देहात भरतात. 1893 साली जर्मनीतले डॉक्टर फर्डिनांड ब्लूम जंतुनाशक म्हणून त्यावर प्रयोग करत होते. त्यांना दिसलं की आपल्याच बोटांची कातडी कडक होते आहे, आणि तिथून ऊती टिकवायला त्याचा वापर सुरू झाला. डोळे चुरचुरतात, नाक वाहतं, घसा धरतो. कॉन्टॅक्ट लेन्स घालून तर जाऊच नये. साधा मास्क वाफ अडवत नाही, फक्त धीर देतो. नाकाला काही मिनिटांत सवय होते, आणि दुपारी पहिला घास तोंडाशी नेताना वास बोटांवर पुन्हा जागा होतो. रविवारच्या मेसमध्ये नव्या बॅचच्या टेबलावर चिकन उरतं, कारण स्नायूचे तंतू उलगडून पाहिलेल्या डोळ्यांना ताटातही तेच दिसतात. हे सहसा महिनाभर टिकतं. फॉर्मॅलिनने भूक वाढते असंही प्रत्येक बॅच म्हणते. सकाळी दोन तास उभं राहिल्यावर कोणालाही भूक लागेल, असं आपलं मला वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. विद्यार्थी वर्षभराने तिथून निघून जातो. मामा आणि शिक्षक निवृत्तीपर्यंत त्याच हवेत असतात. जुन्या हॉलमधले पंखे छताजवळ, आणि वाफ उठते ती टेबलावर वाकलेल्या नाकाखाली. नव्या इमारतींना संगमरवरी प्रवेशद्वार बांधणाऱ्यांनी टेबलालगत हवा खेचून घेण्याची सोय आधी करायला हवी.

सुश्रुताच्या विद्यार्थ्यांचं काय होत असेल, हा विचार त्या हॉलमध्ये उभं असताना मनात आलाच. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात कृती दिली आहे. सगळे अवयव शाबूत असलेला, विषाने किंवा दीर्घ आजाराने न मेलेला देह घ्यावा, गवतात-वल्कलात गुंडाळून पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवावा, सात रात्रींनी काढावा, आणि वाळा, केस, बांबू यांच्या कुंचल्यांनी हळूहळू घासत थरामागून थर डोळ्यांनी पाहावा. सात दिवस पाण्यात कुजलेला देह आणि शेजारी शिष्य. त्यापुढे आपलं फॉर्मॅलिन अत्तर म्हणायचं.

पुढे ही परंपरा आपल्याकडे खुंटली आणि प्रेताला हात लावण्याचा विटाळ तेवढा राहिला. कलकत्ता मेडिकल कॉलेज 1835 साली निघालं. 1836 साली तिथे पंडित मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केलं. वैद्य घराण्यातले, संस्कृतचे पंडित असूनही त्यांनी सुरी हातात घेतली, याची एवढी नवलाई होती की फोर्ट विल्यमवरून तोफांची सलामी दिली गेली असं पुढे सांगितलं जाऊ लागलं. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 चं. तिथे शरीररचना शिकवायला आलेल्यांपैकी एकाचं काम जगातल्या प्रत्येक डॉक्टरने पाहिलेलं आहे, नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. 1858 साली लंडनला निघालेल्या ‘ग्रेज् अॅनाटॉमी’च्या पहिल्या आवृत्तीतली 363 चित्रं त्यांची. पुस्तक बाहेर पडलं त्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले, ग्रँटमध्ये शिकवलं, पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून काही वर्षं काढली आणि नंतर ग्रँटचे प्राचार्यही झाले. साताऱ्यात त्यांच्या नावाचा एखादा रस्ता असायला हरकत नव्हती.

कार्टरांच्या चित्रांनी विद्यार्थ्यांची एक गोड फसवणूक केली आहे. चित्रात प्रत्येक शीर, धमनी, मज्जातंतू वेगळा, स्वच्छ, अंगावर नाव लिहिलेला. पुढच्या पुस्तकांनी त्यात धमन्या लाल आणि मज्जातंतू पिवळे रंगवले. टेबलावर सगळं एकाच मातकट करड्या रंगाचं असतं, चरबीत रुतलेलं, आणि कशावरही नाव नसतं. दुसऱ्या आठवड्यात बहुतेकांची अस्वस्थता संपते ती इथे. काखेत हाताच्या मज्जातंतूंचं जाळं शोधताना चिमट्याने चरबीचे कण वेचत तासभर जातो, धागा सापडत नाही, सापडलेला तुटतो, पलीकडच्या टेबलाला सापडलेला असतो, आणि व्हायवा तोंडावर आलेली असते. समोर मेलेलं माणूस आहे, हे विसरायला होतं.

हे विसरायला व्हावं का? अस्वस्थता ही काढून टाकायची अडचण आहे असंच मेडिकल शिक्षणाने अनेक वर्षं धरलं. ती फार करून तीन-चार आठवड्यांत आपोआप बोथट होते, त्यासाठी कोणाला काही करावं लागत नाही. चार्ल्स डार्विन एडिंबरोत डॉक्टरी शिकताना शरीररचनेला कंटाळला, किळसला, आणि विच्छेदन न करताच बाहेर पडला. म्हातारपणी आत्मचरित्रात त्याने हळहळ व्यक्त केली, की कोणी आग्रह केला असता तर ती किळस लवकरच गेली असती. खरंच गेली असती. प्रश्न तिच्या जागी काय येतं, हा आहे. काळजी करायचीच तर पहिल्या दिवशी पडणाऱ्या पोराची करू नये. तिसऱ्या आठवड्यात टेबलावर कोपर टेकून डबा कुठे खायचा याची चर्चा करणाऱ्याची करावी.

अमेरिकेत 1963 साली हॅरॉल्ड लीफ आणि रेने फॉक्स यांनी डॉक्टर होणाऱ्या मुलांवर लिहिलं. आस्था ठेवायची, पण गुंतायचं नाही, हा डॉक्टरी तोल मुलं शरीररचनेच्या हॉलपासून शिकायला लागतात असं त्यांचं म्हणणं. पुढे फ्रेडरिक हॅफर्टी या समाजशास्त्रज्ञाने डी-हॉलच्या भुताखेताच्या आणि चेष्टेच्या गोष्टींचाच अभ्यास केला. अमक्याने तुटका हात कोणाच्या बॅगेत ठेवला, तमकी किंचाळून बेशुद्ध पडली, या गोष्टी सगळीकडे सांगतात. आपल्याकडेही हॉस्टेलच्या गच्चीवर रात्री दोन वाजता हेच चालतं. हॅफर्टीच्या पाहणीत सांगणारा प्रत्येक जण ऐकलेलं सांगत होता, पाहिलेलं कोणी नव्हतं. अशा गोष्टींत घाबरणारं पात्र बहुधा मुलगी किंवा कोणीतरी बाहेरचं असतं, आणि सांगणारा आपण त्यातले नाही हे नव्या पोरांना बजावत असतो. घाबरणं ही थट्टेची गोष्ट आहे, एवढं त्यातून बिनचूक शिकलं जातं. एकदा ते शिकलं, की वाटलेलं बोलून दाखवायची सोय संपली.

बोलायचं तर कोणाशी? घरी आई फोनवर पहिलं विचारते ते आंघोळीचं. डी-हॉलमधून आलं की डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय जेवू नकोस, देवाला शिवू नकोस. पोरं हसतात आणि करतात. स्वच्छतेसाठी करतात की सुतकासाठी, हे विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही, आणि सांगता यायलाच हवं असं नाही. एखादी रीत मनाला दार लावून घ्यायला उपयोगी पडत असेल तर पडू द्यावी. पलंगाखाली सीनियरकडून घेतलेला बोन सेट, म्हणजे पोत्यात बांधलेली खऱ्या माणसाची हाडं, घेऊन झोपणाऱ्या मुलांना एवढा आधार चालेल. (आता प्लॅस्टिकचे संच आले. एके काळी हिंदुस्थान जगभर माणसांचे सांगाडे पुरवायचा. 1985 साली सरकारने ती निर्यात बंद केली.)

ज्यांना खरोखर मदत लागते ती मुलं वेगळी असतात. करोनात ज्यांचे वडील गेले आणि ज्यांना अंत्यदर्शनही मिळालं नाही, अशी मुलं 2021 नंतरच्या बॅचमधून आली. त्यांच्यासाठी ते कापड दूर होणं म्हणजे काय असेल, याचा अंदाज बाकीच्यांनी करू नये. एका मॅडमांची रीत मला आवडली. पहिला दिवस त्या ब्लेडविना ठेवतात. एकेकाने टेबलाशी यायचं, खांद्यावर हात ठेवायचा, थांबायचं, जायचं. त्याआधी कागदाच्या चिठ्ठ्या वाटतात, की अलीकडे घरात कोणी गेलं असेल किंवा काही सांगायचं असेल तर लिहा, नाव घातलंच पाहिजे असं नाही. चिठ्ठ्या येतात. त्या मुलांना पहिले काही दिवस त्या मागे उभं राहू देतात. अभ्यास बुडत नाही. आदल्या रात्री धडा वाचून जाण्याचा आग्रह सगळेच शिक्षक धरतात, त्यालाही हे कारण आहे. काय शोधायचं हे माहीत असलं की डोळ्यांना काम मिळतं आणि जीव कमी घाबरा होतो.

हल्ली पडद्यावर देह उलगडून दाखवणारी टेबलं आली आहेत. आडवा छेद समजायला ती उत्तम. पण त्यांना वजन नाही, चिवटपणा नाही, गोंदण नाही.

त्या गोंदणाकडे परत जावं लागेल, कारण अस्वस्थतेतला एक भाग कुठल्याही युक्तीने जात नाही, आणि तो जाऊही नये. ती बाई तिथे कशी आली? महाराष्ट्रात 1949 चा शरीररचनाविषयक कायदा आहे. रुग्णालयात किंवा रस्त्यावर मेलेल्या, ठरलेल्या मुदतीत कोणी न्यायला न आलेल्या माणसाचा देह त्याखाली मेडिकल कॉलेजला देता येतो. ती बेवारस होती, तर तिला कोणी विचारलेलं नव्हतं. शपथेत आपण तिचे आभार मानतो, पण तिने काही देऊ केलेलं नसतं. गरीब, एकटं, घरापासून तुटलेलं असणं एवढ्यावर ती टेबलावर आलेली असते. इंग्लंडच्या 1832 च्या कायद्यापासून हे असंच चालत आलं आहे. मुलांना हे कोणी सांगत नाही. सांगितलं पाहिजे. उद्या ओपीडीत अशीच बाई जिवंत त्यांच्यापुढे उभी राहणार आहे.

देहदानाने आलेल्या देहाच्या टेबलावर हवा वेगळी असते, असं शिक्षक सांगतात आणि ते पटतं. तैवानमध्ये त्झु ची संस्थेच्या मेडिकल कॉलेजात विद्यार्थी दात्याच्या घरच्यांना भेटतात, ते माणूस कसं होतं ते ऐकतात, आणि शेवटी अंत्यविधीला हजर राहतात. आपल्याकडे इतकं नाही, पण वर्षाअखेर दात्यांच्या कुटुंबीयांना बोलावणारी कॉलेजं आहेत. जे. बी. एस. हाल्डेन 1964 साली भुवनेश्वरला वारले, त्यांचा देह त्यांच्या इच्छेने काकीनाड्याच्या रंगराया मेडिकल कॉलेजला गेला. हिंगोलीजवळच्या कडोळीत जन्मलेल्या नानाजी देशमुखांचा देह 2010 साली दिल्लीच्या एम्सला दिला गेला. एक निरीश्वरवादी शास्त्रज्ञ, दुसरे संघाचे प्रचारक. टेबलावर दोघांच्या बरगड्यांच्या जोड्या बाराच.

तेव्हा ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. जवळच्या मेडिकल किंवा आयुर्वेद कॉलेजच्या शरीररचना विभागात फॉर्म मिळतो. नेत्रदान करूनही देहदान करता येतं. मेंदूमृत्यूनंतर बाकीचे अवयव काढले असतील, शवविच्छेदन झालं असेल, पोलीस केस असेल किंवा काही संसर्गजन्य आजार असतील तर देह सहसा घेत नाहीत. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला लागतो, आणि कॉलेजला शक्य तितक्या लवकर कळवावं लागतं. आणि मुख्य म्हणजे तुम्ही फॉर्म भरला तरी तुमच्यामागे फोन करायचा तो घरच्यांनी. त्यांनी ऐन वेळी नको म्हटलं तर कॉलेज आग्रह धरत नाही. म्हणून फॉर्म कपाटात ठेवू नका. या दिवाळीत सगळे घरी जमले असतील, तेव्हाच सांगून टाका.